बस्ता सोडून सुरत: एक दिवस, एक सॅक

पाठपिशवी

(प्रवास विभागात टाकतोय. जागा चुकली असेल तर संपादकांनी हलवावं.)

मी अमळनेरचा. सुरतेला आजवर किती वेळा गेलो याचा हिशोब नाही. उधन्याला आत्याकडे, लिंबायतला मामेबहिणीच्या साखरपुड्याला, आणि तीन लग्नांच्या बस्त्याला. बस्त्याच्या दिवशी सुरत किती दिसते ते इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. रिंगरोडवरचं मार्केट, तिसऱ्या मजल्यावरची गादी, साड्यांचा ढीग आणि "जरा हलक्यातलं दाखवा ना भाऊ" म्हणणारी काकू. संध्याकाळी गठ्ठे बांधले की परत गाडीत. सुरतेला किल्ला आहे हे चौथीच्या इतिहासामुळे माहीत. समुद्र आहे हे नकाशामुळे.

म्हणून जानेवारीत एक शुक्रवार सुट्टी टाकली आणि ठरवलं की एक दिवस सुरत नुसती बघायची. आत्याला कळवायचं नाही. कळवलं की दिवस तिच्या ओट्यावर आणि शेजारच्या चार घरांच्या चहात गेला.

गुरुवारी रात्री भुसावळ-सुरत गाडी धरली. दोंडाईचापर्यंत टेकायला जागा नव्हती, नंदुरबारला निम्मा डबा रिकामा झाला. नवापूर आलं तेव्हा मुद्दाम दारात जाऊन उभा राहिलो. या स्टेशनाच्या मधून दोन राज्यांची हद्द जाते आणि तिथल्या एका बाकड्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत आहे. अंधारात बाकडं काही दिसलं नाही. एक कुत्रं झोपलेलं दिसलं, ते बरोब्बर हद्दीवर झोपलंय असं मी आपलं ठरवून टाकलं.

सुरतेत उतरलो तेव्हा उजाडायचं होतं. बेत असा होता की सॅक अमानती सामानघरात टाकायची आणि हात हलवत फिरायचं. खिडकीतल्या माणसाने सॅककडे बघितलं आणि विचारलं, "ताला?" रेल्वेच्या सामानघरात कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत हे मला माहीतच नव्हतं. पहाटे कुलपाचं दुकान कोण उघडून बसणार? म्हणजे सॅक दिवसभर पाठीवर. आत दोन कपडे, चादर आणि आईने बळंच कोंबलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी.

चालत कतारगाम दरवाज्याकडे निघालो. तिथे इंग्रजांचं जुनं कब्रस्तान आहे. थडगं म्हणजे जमिनीवरचा आडवा दगड, ही माझी समजूत. इथे खांब, कमानी, एकावर एक घुमट आणि गॅलरीत जायला जिना असलेली इमारतच उभी. लांबून दर्गा वाटावा. आत ऑक्झेंडन भाऊ आहेत. ख्रिस्तोफर १६५९ मध्ये गेला, जॉर्ज १६६९ मध्ये. हा जॉर्ज म्हणजे तोच. जानेवारी १६६४ मध्ये महाराज सुरतेवर चालून आले, सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला, तेव्हा वखारीचे दरवाजे लावून आत ठाण मांडलेला इंग्रजांचा प्रेसिडेंट. चौथीपासून ज्याला आपण शत्रूच्या बाजूचा म्हणून ओळखतो त्याच्या थडग्यापुढे दशमी खात उभं राहिल्यावर तोंडावर नक्की कसला भाव आणायचा, मला काही सुचेना.

जवळच डचांचं कब्रस्तान. तिथली सगळ्यात मोठी कबर व्हॅन रीड नावाच्या अधिकाऱ्याची, १६९१ सालची. मलबारच्या झाडाझुडपांवर बारा खंड काढणारा माणूस. कोचीनहून सुरतेला येताना जहाजावरच वारला, मुंबईजवळ. सुरतेला पोचला तो थेट घुमटाखाली. असं म्हणतात की इंग्रजांच्या थडग्यावर ताण करायची म्हणून डचांनी ही एवढी मोठी बांधली. मेल्यावरही भाऊबंदकी.

तिथे दातण करत बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "क्याँथी आव्या?" अमळनेर म्हटल्यावर दातण तोंडातून काढून म्हणाला, "मी शहादाना."

हे दिवसभर चाललं. लोच्याच्या गाडीवर प्लेटा विसळणारा पोरगा दोंडाईचाचा. रिक्षावाला पारोळ्याचा. नातेवाईक टाळायला आलो होतो आणि अख्ख्या तालुक्यांनी गाठलं.

लोचोबद्दल सांगायलाच हवं. हरभऱ्याच्या डाळीचं वाफवलेलं ढिलं पीठ. खमण बिघडला आणि लोचो झाला असं लोक सांगतात. गाडीवाला मोठ्या थाळ्यातून उलथन्याने खरवडून ताटलीत टाकतो, त्याचा आकार म्हणजे पोराने पाटीवरून पुसलेलं चित्र. वर तेल, लाल मसाला, बारीक शेव, कांदा, हिरवी चटणी. पहिला घास जिभेवर ठेवला आणि चावायचं काही उरलंच नाही. दुसरी प्लेट घेतली. तिसरी सॅकच्या वजनाकडे बघून घेतली नाही.

मग मुगलीसरा. १६४४ साली बांधलेली सराई, हजला निघालेले यात्रेकरू आणि परगावचे व्यापारी इथे उतरत. आता तिथे महापालिकेचं मुख्य कार्यालय आहे. ज्या कमानीखाली मक्केला जायच्या जहाजाची वाट बघत लोक बसायचे, तिथे आता बगलेत फायली धरून बसतात. बाकी वाट बघणं तेच. बाहेरूनच बघितलं.

किल्ला चौकात, तापीच्या काठावर. पोर्तुगीज सारखे येऊन जाळपोळ करत म्हणून अहमदाबादच्या सुलतान महमूदच्या हुकमाने खुदावंदखानाने तो १५४० च्या दशकात बांधून घेतला. महापालिकेने दुरुस्त करून आत संग्रहालय केलंय. चांगलं आहे, पण मला धरून ठेवलं ते बाहेरच्या नदीने. काठावर उभा होतो. पाण्यावर झेंडूची माळ आणि एक नारळ तरंगत होता, आणि ते दोन्ही उलट्या दिशेने चालले होते. म्हणजे समुद्राकडे नाही, आपल्याकडे! सावखेड्याच्या पुलावरून मी लहानपणापासून तापी बघतोय, पाणी पश्चिमेला जातं यात कधी शंका आली नाही. दहा मिनिटं त्या नारळाकडे बघत बसलो. मग डोक्यात उजेड पडला की भरती आहे.

तिथून महिधरपुऱ्याचा हिरेबाजार. मला वाटलं होतं काचेची दुकानं असतील. दुकानं आहेत, पण बाजार रस्त्यावर आहे. शेकडो माणसं उभी, कुणी स्कूटरच्या सीटवर, कुणी ओट्यावर. खिशातून घडी घातलेला पांढरा कागद निघतो, तो उलगडला की आतल्या निळसर कागदावर साखरेच्या दाण्याएवढे हिरे. चिमट्याने एकेक उचलायचा, डोळ्याला भिंग लावून उजेडाकडे धरायचा, परत ठेवायचा. एकाच्या खांद्यावरून वाकून बघत होतो. मागून मोटारसायकल आली म्हणून वळलो, आणि सॅक दुसऱ्याच एकाच्या हाताला घासून गेली. त्याच्या तळहातावर कागद उघडा होता.

त्या गल्लीत एकदम जी शांतता झाली ती मी विसरणार नाही. तो माणूस श्वास रोखून कागदाकडे बघतोय, मी माझ्या चपलांकडे, आजूबाजूचे आठ-दहा जण जमिनीकडे. त्याने चिमट्याने मोजले. ओठ हलत होते. मोजून झाल्यावर कागदाची घडी घातली, आतल्या खिशात ठेवली आणि मग एवढंच म्हणाला, "थेलो आगळ राखो, भाई." तेव्हापासून सॅक पोटावर. त्या गल्लीतून मी गर्भार बाईसारखा हळूहळू बाहेर पडलो.

दुपारी नदी ओलांडून अडाजणला पोंक खाल्ला. ज्वारीचा कोवळा हुरडा, सोबत लिंबू-मिरीची शेव आणि पोंकवडे. थंडीतच मिळतो.

शेवटी सिटी बसने डुमस. शहरापासून वीसेक किलोमीटर. वाळू काळी आहे हे ऐकून होतो, पण ओली झाल्यावर ती आपल्या कापसाच्या रानासारखी दिसते. नुकत्याच झालेल्या पावसात मोकळं पडलेलं काळं रान आणि पलीकडे समुद्र. टोमॅटोची भजी घेतली. चकतीवर हिरवी चटणी लावून पिठात बुडवतात, चावली की आतलं गरम पाणी टाळूला भाजतं. टाळू भाजली. सूर्य बुडायला आला होता. उजवीकडे तापीचं मुख, त्यापलीकडे हजिरा. मुलताईहून निघून ७२४ किलोमीटर चालत आलेली बाई इथे संपते. आमची बोरीही तिच्यातच.

हे असलं काहीतरी मनात जुळवत उभा होतो, आणि फोन वाजला. आत्या.

"डुमसले उना आन् मना घर येवाले काय झायं तुले?"

तिच्या शेजारणीचा मुलगा भज्यांच्या रांगेत माझ्या मागे उभा होता.

---

शेवभाजी_जादा_तर्री

पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत) लिहायला आलो होतो तर एकाच भागात संपवलं! गर्भार बाईसारखा, हा हा. फोटो टाक राव, लोच्याचा तरी.

---

गिरणाकाठ

लेख आवडला, पण एक दुरुस्ती. इनायतखान सुभेदार नव्हे. गुजरातच्या सुभ्याचा सुभेदार अहमदाबादला बसे. सुरत बंदराच्या कारभाऱ्याला मुत्सद्दी म्हणत, आणि किल्लेदार वेगळा असे. बारीक गोष्ट आहे, पण "इनायतखान किल्ल्यात दडला" यातली गंमत तिनेच कळते. ज्याच्या ताब्यात शहर, तो शहर सोडून किल्लेदाराच्या आश्रयाला गेला.

दुसरं असं की तुम्ही ज्या रुळांवरून गेलात ती वाट रेल्वेची नाही, फार जुनी आहे. इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो १६१५ मध्ये सुरतेहून बादशहाकडे निघाला तो नंदुरबार, थाळनेर, चोपडा करत बऱ्हाणपूरला पोचला. बऱ्हाणपूर ते सुरत हा तेव्हाचा हमरस्ता, आणि खानदेश म्हणजे त्यावरचा टप्पा. आपल्याकडचं कापड याच वाटेने सुरत बंदरात जायचं. धरणगावला इंग्रजांनी वखार घातली होती ती कापडासाठीच, आणि तीही मराठ्यांनी लुटली होती. तेव्हा सुरतेची लूट म्हटलं की आपण सह्याद्रीकडे बघतो, पण तिची एक बाजू आपल्या अंगणात आहे. १६७० मध्ये दुसऱ्यांदा सुरत मारून महाराज परतले तेव्हा वणी-दिंडोरीला मोगलांशी गाठ पडली, हे तर सगळ्यांना माहीतच आहे.

---

शेवभाजी_जादा_तर्री

सगळ्यांना नाही हो सर. आम्ही मागच्या बाकावर होतो.

---

दिंडोलीकरीण

पाठपिशवी भाऊ, आधी आत्याच्या बाजूने बोलते. तुम्ही चुकलात. सॅक तिच्याकडे टाकली असती तर ना कुलूप लागलं असतं ना हिरे सांडायची वेळ आली असती. सकाळी तासभर चहा प्यायचा, "संध्याकाळी जेवायला येतो" सांगायचं आणि निघायचं. माझं माहेर शिरपूर, लग्न होऊन इकडे आले त्याला बावीस वर्षं झाली. दिंडोली, नवागाम, लिंबायत, उधना, या बाजूला भाजीवाली पण आपल्याच भाषेत भाव करते. मुलं शाळेत गुजराती, गल्लीत हिंदी आणि आजीशी अहिराणी बोलतात, आणि तिन्हीत भांडतात.

आता नारळ. रांदेरच्या अंगाला नदीवर कॉजवे आहे, म्हणजे बंधाराच. त्याच्या वर गोडं पाणी अडवलेलं, ते शहराला प्यायला. खाली चौकाच्या बाजूला समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं-उतरतं. तुम्ही बघितलेला नारळ बहुतेक संध्याकाळी परत किल्ल्यासमोरून खाली गेला असणार. आमच्याकडे गणपतीच्या दिवसांत लहान मुलं हाच खेळ बघत बसतात.

नदीचं निघालंच आहे तर सांगते. आपल्याकडे पेपरात तापीवरच्या धरणाची बातमी येते, "हतनूरचे ४१ दरवाजे पूर्ण उघडले". आपण वाचतो आणि पान उलटतो. इथे ती बातमी वाचली की सासूबाई तांदळाचा डबा माळ्यावर चढवतात. ऑगस्ट २००६ मध्ये आम्ही तेव्हा अडाजणला भाड्याने राहत होतो, तळमजल्यावर. वरून पाणी, त्यात उकाई धरणातून सोडलेलं, आणि खाली समुद्राची भरती. नदीने जायचं कुठे? रात्रीतून पंख्यापर्यंत पाणी आलं. आम्ही गच्चीवर सोळा माणसं, शेजारच्या जैन काकूंनी वरच्या मजल्यावर खिचडी केली, लसूण न घालता, आणि माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा तक्रार न करता खाल्ली. पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर गाळ. काळा, बारीक. सासरे त्यात हात घालून म्हणाले, "हाई आपलीच माटी शे." खोटं नव्हतं. मला मात्र तेव्हा त्यांचा फार राग आला होता, कारण तो गाळ मला उपसायचा होता.

---

दादर_ज्वारी

पोंक चांगला असतो मान्य, पण हुरड्याची सर नाही. आमच्या रानात दादर ज्वारीची कणसं गोवऱ्यांच्या आगटीत भाजून, हातावर चोळून, फुंकर मारून तोंडात टाकायची. कुसळं घशाला लागली तरी चालेल. दुकानातून शंभर ग्रॅम विकत घेतलेला हुरडा हा काय हुरडा? सोबतीला शेव? शेव भाजीत असते.

---

दिंडोलीकरीण

दादरभाऊ, हुरडा खायला रान लागतं, आगटी लागते, सालदार लागतो. पोंक खायला ऑफिस सुटल्यावर वीस मिनिटं लागतात. दोन्ही खा.

---

एकटी_भटकी

धागा वाचनखूण म्हणून साठवला. मी जळगावची, नोकरी करते, एकटी फिरते. असाच दिवस काढायचाय. काही प्रश्न आहेत, उत्तरं गुळगुळीत नकोत.

पहाटे अंधारात उतरून कब्रस्तानाकडे चालत जाणं बाईने करावं का? स्वच्छतागृहाचं काय? डुमसहून अंधार पडल्यावर परत कसं यायचं? आणि सोमवारी गेलं तर चालेल का, मला सोमवारीच सुट्टी असते.

---

पाठपिशवी

गिरणाकाठ सर, मुत्सद्दी. मान्य, यापुढे लक्षात ठेवतो.

भटकीताई, खरं सांगायचं तर हे चारही प्रश्न मला पडलेच नव्हते, यातच सगळं आलं. अंधारात मी गेलो, पण तुम्ही स्टेशनवर चहा घेऊन उजाडू द्या, कब्रस्तान कुठे पळत नाही. बाकीचं दिंडोलीताई सांगतील.

खर्च कुणीतरी व्यनिमध्ये (व्यक्तिगत निरोपात) विचारलाय म्हणून इथेच लिहितो. रेल्वेचं तिकीट सोडून सहाशेच्या आत. त्यातले दीडशे रिक्षावर, बाकी सगळं पोटात. आत्याकडे नेलेला पेढ्याचा पुडा धरलेला नाही. तो दंड होता.

---

दिंडोलीकरीण

भटकी, स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये आवरून घे, तिथेच सोय बरी आहे. किल्ल्याच्या संग्रहालयातही स्वच्छतागृह आहे. गल्ल्यांमध्ये शोधत बसू नकोस. सोमवार नको, संग्रहालयं सोमवारी बंद असतात, दारावरून परत यावं लागेल.

डुमसला सूर्य बुडाला की पाच-दहा मिनिटांत निघ. भीती म्हणून नाही, सुट्टीच्या दिवशी बस आणि रिक्षा दोन्हींसाठी झुंबड उडते म्हणून. आणि ओहोटीच्या वेळी गेलीस तर समुद्र लांब कुठेतरी चिखलापलीकडे दिसेल, म्हणून भरतीची वेळ मोबाईलवर बघून जा. पाण्यात उतरायचं नाही. तो समुद्र बघायचा आहे, पोहायचा नाही.

तिकिटावर सुरत लिहिलंय की उधना तेही बघ. आपल्याकडच्या काही गाड्या उधन्यालाच सुटतात-थांबतात, आणि माणसं सुरतेच्या फलाटावर उभी राहून गाडीला शिव्या घालतात.

---

अमावास्या

डुमसला रात्री थांबू नये हे बरोबर. तिथे आधी स्मशान होतं, राखेने वाळू काळी झालीय असं म्हणतात. माझ्या मित्राच्या मित्राला मागून कुणीतरी हाक मारली होती.

---

शेवभाजी_जादा_तर्री

भज्याचे पैसे राहिले असतील.

---

पाठपिशवी

हाक मलाही आली होती. फोनवरून. त्याहून भयंकर काही तिथे असेल असं वाटत नाही.

---

अमावास्या

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

---

गठ्ठा_नंबर_सात

पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

लेख छान. पण सुरुवातीला मार्केटबद्दल ज्या सुरात लिहिलंय तो टोचला. "बस्ता सोडून सुरत" म्हणजे त्यात बघण्यासारखं काही नाही असं झालं. माझे वडील रिंगरोडच्या एका मार्केटमध्ये एकोणीस वर्षं पार्सल बांधायचे. शिंदखेड्याकडून गेले होते, दुष्काळाच्या वर्षी. तुम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या गादीवर बसता तेव्हा तळघरात काय चालतं ते सांगतो.

साड्यांच्या थप्प्या खाली येतात. आधी प्लास्टिकचा कागद, मग बारदान. बारदानाच्या कडा दाभणाने सुतळी ओढून शिवायच्या. टाके बोटभर अंतरावर, कमी नाही जास्त नाही, कारण अंतर वाढलं तर उचलताना फाटतं आणि कमी झालं तर दिवसाला गठ्ठे कमी होतात. हुक मारायचा तो कोपऱ्यात, मध्ये मारला तर आतली साडी गेली आणि ती पगारातून. मग काडीला चिंधी गुंडाळून शाईच्या डब्यात बुडवायची आणि गठ्ठ्यावर गावाचं नाव घालायचं. वडील तिसरीपर्यंत शिकलेले. पण पाटणा, कटक, गुवाहाटी, मदुराई ही नावं इतकी सुबक काढायचे की शेठ दुसऱ्यांचे गठ्ठे पण त्यांच्याकडून लिहून घ्यायचा. यातलं एकही गाव त्यांनी बघितलं नव्हतं. डुमसही नाही. एकोणीस वर्षांत समुद्र बघितला नाही, कारण सुट्टी मिळाली की गाव गाठायचं.

रागाने लिहीत नाही. पुढच्या वेळी हातगाड्यांच्या मागे मागे अर्धा तास फिरा एवढंच.

---

पाठपिशवी

गठ्ठा नंबर सात, तुमचं बरोबर आहे. मी बस्त्याला वैतागलेल्या पोराच्या डोळ्यांनी लिहिलं. तीन वेळा त्या मार्केटात जाऊन तळघरात वाकून बघितलं नाही. शीर्षक आता बदलता येत नाही, धागा वर गेलाय. पण तळघर दाखवणारं कुणी असेल तर येणार.

वडील आता कुठे असतात? विचारलं तर चालेल ना?

---

गठ्ठा_नंबर_सात

गावीच. गुडघे गेलेत, बाकी ठणठणीत. तुमचा लेख त्यांना वाचून दाखवला. हिरेबाजाराच्या ठिकाणी इतके हसले की पाणी आणून द्यावं लागलं. लोच्याचं ऐकून म्हणाले, "आमना टाइमले असं काई मियत नव्हतं." मिळत असणार. त्यांनी पैसे घातले नसणार.

---

गिरणाकाठ

गठ्ठा नंबर सात, लिहीत राहा. आम्ही वर जे १६१५ आणि १६७० करतोय, त्यातही धरणगावचं कापड कुणीतरी असंच बांधलं असेल. त्याची नोंद वखारीच्या वहीत नाही, गाठोड्यांची संख्या मात्र आहे.

---

बांध_बंदिस्त

धागा वाचून एक शंका. कोरडं राज्य आहे हे नवापूरच्या पुढे लागू होतं की बाकड्याच्या अर्ध्या भागापासून? मित्रासाठी विचारतोय.

---

दिंडोलीकरीण

मित्राला सांगा, चहा प्या. आणि बॅगेत काही घेऊन येऊ नका. तपासणी होते आणि मग फोन आमच्यासारख्यांना येतो.

पाठपिशवी, शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी या. चांदनी पडवो. त्या रात्री अख्खं शहर रस्त्यावर बसून घारी खातं. तुपात थबथबलेली, आत मावा. घारीबरोबर भुसू, म्हणजे फरसाणही लागतं, नाहीतर दुसरी जात नाही. आपल्याकडे कोजागिरीचं दूध पिऊन गाडीत बसायचं, सकाळी इथे. या वेळी आत्याला आधी सांगून.

---

एकटी_भटकी

(दोन आठवड्यांनी)

जाऊन आले! मंगळवारी. दिंडोलीकरीण ताईंचे किती आभार मानू? त्यांनी व्यनि करून घरी बोलावलं. संध्याकाळी कळण्याची भाकरी आणि भरीत, वांगी जळगावहून कुणाच्या तरी हाताने आलेली. मी सुरतेला जाऊन बामणोदचं भरीत खाल्लं.

किल्ला, मुगलीसरा, डचांचं कब्रस्तान झालं. व्हॅन रीडच्या घुमटाखाली हळू बोललं तरी आवाज फिरतो, एकटी होते म्हणून चार वेळा स्वतःचं नाव घेऊन बघितलं. हिरेबाजारात सॅकच नव्हती, त्यामुळे निर्धास्त. चौकात नारळ नाही दिसला, पण प्लास्टिकची बाटली उलटी जाताना दिसली. भरतीची खात्री पटली.

मार्केटलाही गेले. तळघरात सोडलं नाही, पण मागच्या दाराशी हातगाडीवर गठ्ठे चढवत होते ते बघत उभी राहिले. एका गठ्ठ्यावर "जलगाव" लिहिलेलं होतं. आता बरेचसे छापील चिकटवतात, हा मात्र काडीने लिहिलेला. ज मोठा आणि त्याचा कान लांब ओढलेला. फोटो काढला आहे, गठ्ठा नंबर सात, तुमच्या वडिलांना दाखवा.

आणि हो, पाठपिशवी यांच्या अनुभवातून शिकून सॅकसाठी कुलूप नेलं होतं. सामानघरात सॅक रीतसर ठेवली, पावती घेतली, दिवसभर मोकळी फिरले. रात्री सॅक ताब्यात घेतली तेव्हा लक्षात आलं की किल्ली जळगावला, टेबलावर.

---

शेवभाजी_जादा_तर्री

मग??

---

एकटी_भटकी

मग काय, नंदुरबारपर्यंत चादरीवाचून कुडकुडले. समोरच्या बाकावरच्या आजींनी त्यांची अर्धी गोधडी दिली. उधन्याहून लेकीकडून परत चालल्या होत्या. अमळनेरला उतरल्या. तुमच्या आत्याला ओळखतात.